जुनी चेन करवत भंगारात घालण्यापूर्वी



गळीत हंगाम तोंडावर आला की शेतकी विभागाकडे एक तक्रार हमखास येते. वळवाच्या वाऱ्यात बांधावरचं झाड रस्त्यावर आडवं झालेलं असतं, बाभळीच्या फांद्या ट्रॉलीला लागत असतात, आणि घरात करवत असूनही ती चालू होत नसते. तोडणी टोळी कुणासाठी थांबत नाही. ऊस तुटून गाडीअभावी फडात पडला तर वजन घटते व साखरही कमी होते. तेव्हा ऊस विकास अधिकाऱ्याने करवतीवर का लिहावे, असे कुणी विचारू नये. (झाड तोडण्याची परवानगी हा निराळा विषय आहे, ती आधी घ्यावी.)

दुकानदार सांगतो, "हे मॉडेल बंद झालं, पार्ट मिळत नाही, नवीनच घ्या." यात निम्मेच खरे आहे. करवतीवर एका कंपनीचे नाव असले तरी आतला कार्ब्युरेटर, प्लग, बेअरिंग, ऑईल सील, चेन हे भाग बहुधा दुसऱ्याच कारखान्यांचे असतात, आणि तेच भाग अनेक कंपन्यांच्या यंत्रांत बसतात. म्हणून पार्ट मागताना करवतीचे नाव सांगत बसू नये. भागावर कोरलेला नंबर वाचावा व तो सांगावा.

पण पैसे घालण्याआधी एक गोष्ट पाहायचीच. इंजिन थंड असताना प्लगची वायर काढून ठेवा. सायलेन्सरचे स्क्रू सोडून तो बाजूला करा. दोरी हळूहळू ओढा म्हणजे धूर जाण्याच्या भोकातून पिस्टन वरखाली होताना दिसेल. त्याचे अंग गुळगुळीत असेल तर करवत जिवंत आहे, खर्च करायला हरकत नाही. अंगावर उभ्या खोल रेघा दिसल्या तर पिस्टन चिकटून गेला आहे. मग पिस्टन-सिलिंडरचा जोड किती पडतो ते विचारूनच पुढे जावे. माझ्या मते तो खर्च नव्या यंत्राच्या निम्म्यावर गेला तर नाद सोडावा. अनेकजण हे न पाहता आधी प्लग, मग कॉईल, मग कार्ब्युरेटर असे एकेक बदलत राहतात आणि शेवटी पिस्टन गेलेला निघतो.

करवत चालू होऊन लगेच बंद पडते, किंवा चोक ओढल्याशिवाय चालतच नाही, असे असेल तर दोष बहुतेक वेळा कार्ब्युरेटरच्या पडद्यांत असतो. करवत आडवी-उभी कशीही धरावी लागते, म्हणून तिच्या कार्ब्युरेटरमध्ये मोटारसायकलसारखा फ्लोट नसतो. पातळ पडदे पेट्रोल ओढतात व मोजून सोडतात. चांगला पडदा कापडासारखा मऊ असतो. बोटाने वाकवल्यावर कडकड वाजला की तो गेला. पडदे, गॅस्केट आणि सुई यांचा संच वेगळा मिळतो. कार्ब्युरेटरच्या अंगावर वॉलब्रो, झामा किंवा टिलॉटसन असे नाव व खाली बारीक अक्षरांत नंबर असतो, त्या नंबरावर संच मागावा. बसवताना क्रम चुकतो, आणि मग संचाला नाव ठेवले जाते. बहुतेक कार्ब्युरेटरांत सुईच्या बाजूला अंगाला आधी गॅस्केट, वर पडदा. पंपाच्या बाजूला उलट, आधी पडदा, वर गॅस्केट. खोलतानाच मोबाईलवर फोटो काढून ठेवला तर वाद राहत नाही.

हे पडदे अलीकडे लवकर का जातात, हे सांगताना मला जरा अवघड वाटते, कारण त्यात आपल्याच मळीचा हात आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक काम २००१ साली आपल्या राज्यात मिरज व मनमाड येथे झाले. २००३ साली ५ टक्के मिश्रणाचा कार्यक्रम काही राज्यांत सुरू झाला, २०२२ च्या जूनमध्ये देशाने १० टक्के गाठले आणि २०२५ मध्ये प्रमाण २० टक्क्यांवर आले. ऊस उत्पादकाच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट आहे, त्याबद्दल दुमत नाही. परंतु पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या करवतीचे रबर या पेट्रोलसाठी बनवलेले नाही. त्या काळच्या बऱ्याच माहितीपुस्तिकांत १० टक्क्यांचीच मर्यादा लिहिलेली सापडेल. इथेनॉलने जुनी नळी फुगते किंवा ठिसूळ होते, पडदा ताठ होतो.

दुसरा धोका मोठा आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते. अर्धा कॅन पावसाळाभर गोठ्यात पडून राहिला, की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतात. टू-स्ट्रोक ऑईल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीतला फिल्टर तळाशी लोंबत असल्यामुळे इंजिनला बिनऑईलचा थर जातो आणि पाच मिनिटांत पिस्टन चिकटतो. "ऑईल तर घातलं होतं की!" असे मग सभासद म्हणतात, आणि ते खोटे बोलत नसतात.

तेव्हा मिश्रण पंधरा दिवसांपुरतेच करावे, झाकण घट्ट बसणाऱ्या कॅनमध्ये ठेवावे. काम संपले की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. प्रमाण पुस्तिकेत असेल तेच: १:५० म्हणजे लिटरला २० मिली, १:२५ म्हणजे ४० मिली. ट्रॅक्टरचे इंजिन ऑईल यात चालत नाही. नळी बदलताना जुना तुकडा बरोबर न्यावा आणि इथेनॉलला टिकणारी नळी मागावी, मापाची कुठलीही घेऊ नये.

बेअरिंगचे काम सोपे आहे. ६२०२ असा नंबर असेल तर आतले माप १५, बाहेरचे ३५, जाडी ११ मिलिमीटर; नंबरापुढे सी३ असेल तर तसेच घ्यावे. ऑईल सीलवरही तीन मापे छापलेली असतात. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात बेअरिंगच्या दुकानी नंबर सांगितला की पुरे. बुश वगैरे उद्यमनगरात लेथवर करूनही मिळतो. प्लगचेही तसेच. एनजीकेचा बीपीएमआर७ए, बॉशचा डब्ल्यूएसआर६एफ आणि चॅम्पियनचा आरसीजे७वाय हे एकमेकांच्या जागी चालतात. मोटारसायकलचा लांब मानेचा प्लग घातला तर तो पिस्टनला ठोकतो.

चेन घेताना सर्वांत जास्त फसगत होते, कारण आपण "२० इंची द्या" म्हणतो. २० इंची पट्टीला कुठे ७२, कुठे ७६, तर कुठे ८० आतले दात लागतात. तीन गोष्टी पाहाव्यात. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधले अंतर मोजून निम्मे केले की पिच कळते, साधारणपणे ०.३२५ इंच किंवा ३/८ इंच. मग पट्टीच्या खाचेची जाडी: १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. आणि आतल्या दातांची संख्या. या तिन्ही गोष्टी बहुधा पट्टीच्या बुडाशी कोरलेल्या असतात, मळ खरवडून पाहा. दोन चेन झिजल्या की स्प्रॉकेटही बदलावे, नाहीतर नवी चेन लवकर ताणते. चेनच्या टाकीत ट्रॅक्टरचे जळके ऑईल ओतण्याची सवय सोडावी. त्यातला कीस पंप आणि पट्टी दोन्ही खातो.

एक यंत्र मात्र दुरुस्तच करू नये. ज्याला पुढच्या मुठीजवळ चेन ब्रेक नाही, किंवा आहे पण ढकलल्यावर चेन जागच्या जागी थांबत नाही. पट्टीचे टोक लाकडात अडकले तर करवत उलटून तोंडाकडे येते, तेव्हा तो ब्रेकच वाचवतो. ब्रेकची पट्टी मिळत नसेल तर त्या यंत्राचे पार्ट दुसऱ्याला द्यावेत.

हीच शेवटची सोय. एकाच मॉडेलच्या दोन बंद करवतींतून एक चालू होते. ज्या सभासदांकडे बंद करवती पडून आहेत त्यांनी कंपनी, मॉडेल आणि काय बिघडले आहे एवढे आपल्या गटाच्या चिटबॉयकडे लिहून द्यावे. यादी गट कार्यालयात लावू. देणे-घेणे आपापसांत ठरवावे.