उपग्रहाचा नकाशा आणि शेताचा उतार

ध्रुवांजवळ फारशी वस्ती नाही, तेव्हा तिथला नकाशा ढोबळच असणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात उलट आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या ध्रुवीय केंद्राने पुढाकार घेऊन केलेला ‘आर्क्टिकडीईएम’ हा नकाशा दर दोन मीटरला जमिनीची एक उंची देतो आणि कुणालाही मोफत मिळतो. अंटार्क्टिकाचा तसाच ‘रेमा’ २०१८ मध्ये आला. वाशीम जिल्ह्यासाठी मोफत मिळणारी उंचीची माहिती मात्र साधारण तीस मीटरची आहे. एक नासाच्या फेब्रुवारी २००० मधल्या रडार मोहिमेची, दुसरी आपल्या कार्टोसॅट-१ उपग्रहाची, इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावर. म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांना उंचीचा एकच आकडा!

हे उपग्रहांच्या कक्षेमुळेही घडतं. पृथ्वीची छायाचित्रं घेणारे बहुतेक उपग्रह दर फेरीत दोन्ही ध्रुवांजवळून जातात. वाशीमवर मात्र ते मोजक्याच फेऱ्यांत येतात. म्हणूनच अंटार्क्टिकातल्या आपल्या ‘भारती’ केंद्रावर २०१३ पासून इस्रोचा अँटेना आहे. भारतीय उपग्रहांनी टिपलेली माहिती तिथे उतरते आणि हैदराबादजवळच्या शादनगरला पोहोचते.

दुसरा समज असा की, चित्र स्पष्ट असलं की उंचीही कळते. एका चित्रातून थेट उंची मोजता येत नाही. तीच जागा दोन कोनांतून टिपावी लागते. ५ मे २००५ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-१ वर यासाठीच दोन कॅमेरे होते, एक पुढे २६ अंश कललेला, दुसरा मागे ५ अंश. चित्र अडीच मीटरचं, पण त्यातून काढलेल्या उंचीत काही मीटरची चूक राहू शकते. शिवाय असा नकाशा वरचा पृष्ठभाग दाखवतो. झाडी दाट असेल तर शेंडे मोजले जातात. अंटार्क्टिकात तर बर्फाचा माथाच दिसतो. त्याखालचा खडक शोधायला विमानातून वेगळं रडार लागतं.

वाशीमला या काही मीटरचं मोल फार आहे. हा जिल्हा दोन खोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर आहे. इथून निघालेली काटेपूर्णा उत्तरेला पूर्णेला मिळते, तिचं पाणी तापीतून अरबी समुद्रात जातं. पैनगंगेचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात. पाणलोट क्षेत्र ठरवायला, ओढ्यांचं जाळं ओळखायला, गावाच्या आराखड्याचा पहिला अंदाज बांधायला उपग्रह उत्तम आहे. नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन केंद्र हे काम अनेक वर्षं करत आलं आहे. पण उतारावर एकाच उंचीवर खणायच्या सलग समतल चराला वितीभराची चूकही चालत नाही. चर तिरका गेला तर पाणी सखल टोकाला साचतं, तिथून फुटतं आणि मातीच घेऊन जातं.

बांधाच्या वादातही मोबाइलवरचं उपग्रह चित्र पुरावा म्हणून पुढे केलं जातं. ते चित्र आजचं नसतं, कधीकधी काही वर्षांपूर्वीचं असतं, आणि जागेवरून थोडं सरकलेलंही असू शकतं. हद्द भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीनेच ठरते.

तेव्हा नकाशा जरूर पाहा, पण चर खणण्याआधी समतल रेषा ए-फ्रेम किंवा हायड्रोमार्कर या समतल शोधण्याच्या साध्या साधनांनी शेतातच आखून घ्या.