पापनिवेदनाआधीचा दस्तऐवज

सन १५५२ मध्ये स्पेनमधील सेव्हिल येथे छापल्या गेलेल्या एका लहानशा पुस्तिकेत असा नियम घातलेला आढळतो, की अमेरिका खंडातील मुलूख जिंकण्यात भाग घेतलेला कोणी स्पॅनिश शिपाईगडी मृत्युशय्येवरून पापनिवेदनाची इच्छा व्यक्त करू लागल्यास धर्मगुरूने त्याचे एकही पाप ऐकून घेण्यापूर्वी सरकारी नोटरीला बोलावून घ्यावे, आणि आपली सर्व मालमत्ता ज्यांच्याकडून लुटली त्यांना परत करण्याचा संपूर्ण अधिकार धर्मगुरूला देणारा दस्तऐवज त्या माणसाकडून रीतसर करून घ्यावा. पुस्तिकेचे कर्ते बार्तोलोमे दे लास कासास (१४८४–१५६६) हे दोमिनिकन संघाचे संन्यासी आणि आजच्या मेक्सिकोतील चियापासचे बिशप होते. त्यांचे हे बारा नियम पापक्षमा आणि नुकसानभरपाई यांचा संबंध जितक्या निर्भीडपणे जोडतात, तितका तो धर्मशास्त्राच्या मोठमोठ्या ग्रंथांतही क्वचितच जोडलेला दिसतो.

या नियमांमागची शास्त्रीय बैठक थोडक्यात सांगता येते. कॅथलिक मतानुसार पापक्षमेच्या संस्कारात पश्चात्ताप, धर्मगुरूसमोर केलेले निवेदन आणि प्रायश्चित्त ही तीन कृत्ये पापी माणसाकडून अपेक्षित असून, चौथ्या लॅटरन परिषदेने १२१५ मध्ये वर्षातून किमान एकदा पापनिवेदन बंधनकारक केले आणि ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये या शिकवणुकीची पुन्हा मांडणी केली. मात्र प्रायश्चित्त आणि परतफेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: प्रार्थना, उपवास, दानधर्म ही प्रायश्चित्तात मोडतात, तर चोरलेली वस्तू मालकाला परत करणे हे न्यायाचे देणे होय, आणि ते फेडणे शक्य असूनही जो फेडत नाही त्याचा पश्चात्तापच खरा नव्हे, असे संत ऑगस्टीनच्या काळापासून मानले गेले आहे.

लास कासास यांना हा धडा पुस्तकातून मिळालेला नव्हता. १५०२ मध्ये ते हिस्पानिओला बेटावर आले आणि तेथे व पुढे क्यूबात त्यांनी ‘एन्कोमिएन्दा’ बाळगली, म्हणजे ठरावीक गावांतील मूळ रहिवाशांकडून सक्तीचे श्रम घेण्याचा राजदत्त हक्क उपभोगला. धर्मगुरूपदाची दीक्षा घेतल्यावरही हा हक्क त्यांनी सोडला नव्हता, आणि याच कारणास्तव एका दोमिनिकन संन्याशाने त्यांचे पापनिवेदन ऐकण्यास नकार दिला होता; त्या वेळी त्यांनी वाद घातला, पण तो नकार मनातून गेला नाही. १५१४ मध्ये प्रवचनाची तयारी करताना बायबलातील बेन सिराच्या ग्रंथाचा चौतिसावा अध्याय त्यांच्यासमोर आला, ज्यात गरिबाला लुबाडून वाहिलेला नैवेद्य देवाला अमान्य असल्याचे सांगितले आहे, आणि त्यांनी आपली माणसे गव्हर्नर दिएगो वेलास्केस याच्या स्वाधीन करून हक्क सोडला. ती माणसे दुसऱ्या, कदाचित अधिक निर्दय मालकाकडे जातील हे त्यांना ठाऊक होते. तरीही स्वतःचे हात मोकळे केल्याखेरीज इतरांना उपदेश करता येणार नाही, हा त्यांचा निर्णय योग्यच म्हणावा लागेल.

१५४५ च्या उपवासकाळात, बिशप म्हणून चियापासमधील सिउदाद रेआल या शहरात आल्यावर, त्यांनी जवळजवळ सर्व धर्मगुरूंचा पापनिवेदन ऐकण्याचा परवाना काढून घेतला आणि गुलाम बाळगणाऱ्यांना क्षमा देण्याचा अधिकार स्वतःकडे राखून ठेवला. कॅथीड्रलच्या डीनने ही आज्ञा मोडून गुलामांच्या मालकांना क्षमा दिली, त्याला पकडण्याचा प्रयत्न होताच हत्यारबंद नागरिक बिशपांच्या घरात घुसले, आणि वर्षभराच्या आत लास कासास यांना ते शहर सोडावे लागले. ईस्टरपूर्वी पापक्षमा न मिळणे म्हणजे त्या समाजात अब्रू जाणे आणि परलोकाचीही धास्ती. त्यामुळे सैन्य वा खजिना हाताशी नसलेल्या बिशपाकडे एवढे एकच शस्त्र होते, आणि ते त्यांनी पुरेपूर वापरले.

बारा नियमांचा तपशील वाचण्यासारखा आहे. जिंकणाऱ्याने जे मिळवले ते सर्वच लुटीचे असल्याने त्यातले काहीही त्याचे नाही, आणि म्हणून औरस मुलांनाही वारसा म्हणून काही देता येत नाही, फार तर निर्वाहापुरते भिक्षेसारखे द्यावे. लुटीत प्रत्येकाचा वाटा थोडा असला तरी संपूर्ण नुकसानीची जबाबदारी प्रत्येकावर येते, आणि युद्ध चालू असताना आक्रमकांना शस्त्रे पुरवणारा व्यापारीही तिच्यातून सुटत नाही. गुलाम असतील तर त्यांना ताबडतोब मुक्त करावे, त्यांची क्षमा मागावी आणि त्यांच्या श्रमांची मजुरी द्यावी. ज्यांना लुटले ते आणि त्यांचे वारस हयात नसतील, तर रक्कम त्यांच्या गावांच्या हितासाठी खर्चावी. नोटरीचा आग्रह धरण्यात लास कासास यांनी मनुष्यस्वभावाची अचूक पारख दाखवली आहे, कारण मरणाच्या भयाने दिलेले तोंडी वचन आजार बरा झाल्यावर माणूस विसरतो, आणि तो मेलाच तर वारस विसरतात.

विजयच अन्याय्य ठरला तर राजाच्या सत्तेचे काय, हा प्रश्न साहजिकच उभा राहिला. १५४८ मध्ये या नियमांच्या हस्तलिखित प्रती गोळा करण्याचा राजाचा हुकूम सुटला, आणि त्या प्रती व्हाइसरॉयने जाळल्याचे फ्रान्सिस्कन संन्यासी मोतोलिनिया यांनी १५५५ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सला लिहिलेल्या पत्रात समाधानाने नमूद केले.

येथे थोडे गोव्याकडे वळणे अप्रस्तुत होणार नाही, कारण त्याच सुमारास, १५४९ च्या एप्रिलमध्ये, संत फ्रान्सिस झेवियर यांनी गोव्याहून होर्मुझला निघालेल्या गास्पार बार्झेउस या जेझुइटाला लेखी सूचना दिल्या, त्यांतही हाच विचार दिसतो. पोर्तुगीज अधिकारी आणि व्यापारी यांना मोघम प्रश्न न विचारता त्यांचे व्यवहार, राजाच्या पैशाचा वापर आणि नफ्याचे मार्ग बारकाईने विचारावेत, आणि ज्याचा मालक सापडत नाही असा परतफेडीचा पैसा स्वतः न हाताळता मिझेरिकॉर्दिया या धर्मादाय बंधुमंडळाकडे सोपवावा, असे त्यांत सुचवले आहे. धर्मगुरूवर पैशाचा संशय येऊ नये ही दक्षता उल्लेखनीय असली, तरी झेवियर यांची चौकशी माणसाच्या व्यवहारांपाशी थांबते, आणि ज्या सत्तेच्या छायेत ते व्यवहार चालत त्या सत्तेपर्यंत जाण्याचे धाडस लास कासास यांचेच.

लास कासास यांच्या नियमांचा परिणाम पेरूमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो. लिमाचे आर्चबिशप हेरोनिमो दे लोआइसा यांनी १५६० मध्ये धर्मगुरूंसाठी काहीशा सौम्य सूचना काढल्या, आणि त्या शतकातील अनेक मृत्युपत्रांत आपल्या एन्कोमिएन्दातील रहिवाशांना रक्कम परत करण्याची कलमे आढळतात. कुझ्को येथे १५८९ मध्ये मान्सिओ सेर्रा दे लेगिसामोन या वृद्ध विजेत्याने मृत्युपत्राच्या आरंभी राजाला उद्देशून कबुली दिली, की इंकांच्या राज्यात घरधनी बाहेर गेला तर दारात फक्त एक काठी आडवी ठेवी आणि कोणी आत शिरत नसे; स्पॅनिशांनी दारांना कुलुपे लावलेली पाहून हे लोक आपल्या भयाने तसे करतात असे तेथील माणसांना वाटले, आणि स्पॅनिशांमध्येच चोर आहेत हे कळल्यावर ती त्यांना तुच्छ लेखू लागली.

लास कासास यांच्या स्वतःच्या हिशेबातही एक मोठे देणे राहिले होते. मूळ रहिवाशांचा भार हलका व्हावा म्हणून १५१६ मध्ये त्यांनी आफ्रिकी गुलाम आणण्याची सूचना केली होती, आणि आफ्रिकी माणसांनाही तितक्याच अन्यायाने पकडले जाते हे त्यांना पुढे पोर्तुगीज बखरी वाचून उमगले. इंडीजच्या, म्हणजे अमेरिकेतील मुलुखांच्या, स्वतः लिहिलेल्या ज्या इतिहासाचे प्रकाशन चाळीस वर्षे करू नये असे त्यांनी बजावले होते, आणि जो प्रत्यक्षात १८७५ मध्ये छापला गेला, त्यात त्यांनी ही सूचना आपलीच असल्याचे मान्य करून लिहिले आहे, की अज्ञान आणि सद्हेतू ही सबब ईश्वराच्या न्यायासनापुढे टिकेल याची आपल्याला खात्री नाही.