कक्षाच्या दाराआड कोण बसते? विद्यापीठातील रोजगार मार्गदर्शकाची ओळख

आपल्या वसतिगृहांतून दरवर्षी काही मुले-मुली पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोहोचतात. पाड्यावरून आश्रमशाळा, तेथून तालुक्याचे महाविद्यालय आणि पुढे जिल्ह्याचे ठिकाण किंवा विद्यापीठ, असा हा प्रवास असतो. बहुतेकांच्या घरातली ही पहिलीच पदवी. त्यामुळे पुढे काय, हे सांगणारे घरात कोणी नसते. आई-वडिलांनी पाहिलेली नोकरी म्हणजे गुरुजी, तलाठी, ग्रामसेवक, नर्सबाई, वनरक्षक आणि पोलीस. मुलेही त्याच भरतीची वाट पाहत राहतात. जागा थोड्या आणि अर्ज फार. दोन-चार वर्षे अशी गेली की घरचा धीर सुटतो आणि पदवीधर मुलगा पुन्हा वीटभट्टीच्या किंवा ऊसतोडीच्या गाडीत बसतो.

अशा मुलासाठी त्याच्याच महाविद्यालयात एक खोली असते. दारावर कुठे ‘प्लेसमेंट सेल’, कुठे ‘करिअर मार्गदर्शन कक्ष’ अशी पाटी असते. आपली मुले त्या दारात क्वचितच उभी राहतात. ती खोली इंग्रजी बोलणाऱ्यांची, शहरातल्या मुलांची, असे त्यांच्या मनाने घेतलेले असते. म्हणून या लेखात त्या कक्षाची आणि तेथे बसणाऱ्या प्रमुखाची ओळख करून देत आहोत.

कक्षाचे काम काय?

कंपन्यांना बोलावून मुलाखती घडवून आणणे हे या कक्षाचे सर्वांना दिसणारे काम. पण ते शेवटचे टोक आहे. त्याआधी विद्यार्थ्याला स्वतःची पारख करायला मदत करणे, कोणत्या शिक्षणातून कोणती कामे मिळतात हे सांगणे, अर्ज व माहितीपत्रक लिहायला शिकवणे, मुलाखतीचा सराव घेणे, सुटीत कामाचा अनुभव मिळवून देणे आणि आधी नोकरीला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांशी गाठ घालून देणे, ही सारी कामे याच कक्षाची. नोकरी देणे प्रमुखाच्या हातात नसते. विद्यार्थी आणि काम यांच्यामधली वाट दाखवणे त्याच्या हातात असते.

या कामाचा पाया घालणारा माणूस

या क्षेत्राचे जनक म्हणून अमेरिकेतील फ्रँक पार्सन्स यांचे नाव घेतले जाते. त्यांचा जन्म १८५४ मध्ये न्यू जर्सी राज्यात झाला. कॉर्नेल विद्यापीठातून ते स्थापत्य अभियंता झाले आणि रेल्वेच्या कामावर लागले. १८७३ मध्ये अमेरिकेत मोठी आर्थिक पडझड झाली आणि ती रेल्वे कंपनी बुडाली. अभियंत्याची पदवी हातात असताना पार्सन्स यांनी लोखंडाच्या कारखान्यात मजुरी केली. पुढे शाळेत शिकवले, कायद्याचा अभ्यास करून वकील झाले, तब्येत ढासळली तेव्हा न्यू मेक्सिकोच्या मोकळ्या हवेत काही काळ राहिले, कायद्याची पाठ्यपुस्तके लिहिली आणि बोस्टन विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात अध्यापन केले. १८९५ मध्ये बोस्टनच्या महापौरपदाची निवडणूकही लढवली, पण ती हरले.

त्यांच्या आवडीही अशाच अनेक दिशांच्या होत्या. शहराच्या सेवा लोकांच्या मालकीच्या असाव्यात का, रेल्वे कोणी चालवावी, न्यूझीलंडसारखा लहान देश आपला कारभार कसा करतो, अशा प्रश्नांवर त्यांनी पुस्तके लिहिली. नोकरीच्या बाजाराकडे त्यांनी मजूर, शिक्षक, वकील आणि प्राध्यापक अशा चार बाजूंनी पाहिले होते. तरुणांना सल्ला देताना ही शिदोरी त्यांच्या कामी आली.

बोस्टनच्या नॉर्थ एंड भागात परदेशातून आलेल्या गरीब मजुरांची वस्ती होती. तेथील सिव्हिक सर्व्हिस हाउस या सेवाकेंद्रात पार्सन्स कामगारांसाठी वर्ग चालवत. या मुलांच्या घरातही शिकलेले, वाट दाखवणारे कोणी नव्हते. १९०८ च्या जानेवारीत पार्सन्स यांनी त्यांच्यासाठी व्यवसाय मार्गदर्शन केंद्र उघडले. पॉलिन अगासिझ शॉ या दानशूर बाईंनी त्याला पैशाचे पाठबळ दिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पार्सन्स वारले. त्यांचे ‘चूझिंग अ व्होकेशन’ हे पुस्तक १९०९ मध्ये, त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले.

पार्सन्स यांची पद्धत तीन पायऱ्यांची आहे. पहिली पायरी स्वतःला ओळखण्याची : अंगचे गुण, आवडी, मर्यादा आणि हाताशी असलेली साधने. दुसरी पायरी कामाची पूर्ण माहिती घेण्याची : त्याला काय लागते, मिळते किती, पुढे वाढ कशी आहे. तिसरी पायरी या दोन्हींचा नीट विचार करून मेळ घालण्याची. आजही जगभरातील मार्गदर्शन याच तीन पायऱ्यांवर उभे आहे. त्यांच्या पद्धतीतील एक गोष्ट मात्र काळाने टाकून दिली. त्या काळच्या समजुतीप्रमाणे ते डोक्याच्या आकाराकडेही पाहत. रूपावरून, रंगावरून किंवा बोलण्याच्या ढंगावरून माणसाची कुवत ठरत नाही, हे आपल्या मुलांच्या बाबतीत तर पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम जुने आहे. मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू झाले आणि १९४७ मध्ये पारशी पंचायतीने आपले केंद्र काढले. समाजातील जाणत्या मंडळींनी आपल्या मुलांसाठी पुढाकार घेतला, ही यातली लक्षात घेण्याची गोष्ट.

प्रमुख कोणत्या वाटेने येतात?

आज या पदावर येणारे साधारण तीन वाटांनी येतात. काही जण कारखान्यात किंवा कंपनीत माणसे नेमण्याचे काम करून आलेले असतात. मुलाखत घेणारा काय पाहतो, हे त्यांना नेमके ठाऊक असते. काही जण मूळचे प्राध्यापक, ज्यांच्याकडे शिकवण्याबरोबर कक्षाची जबाबदारी दिलेली असते. त्यांना अभ्यासक्रम आणि विद्यार्थी यांची जवळून ओळख असते. तिसरे मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकून आलेले. मनातली भीती आणि घरची अडचण त्यांना लवकर कळते.

पूर्वानुभव माहीत असला म्हणजे कोणता प्रश्न कोणाला विचारावा हे कळते. पगाराची बोलणी कशी करावी हे पहिल्याला विचारावे, पुढे एम.ए. करावे की बी.एड. हे दुसऱ्याला, आणि ‘घरचे शहरात पाठवायला तयार नाहीत, काय करू?’ हे तिसऱ्याजवळ मोकळेपणाने बोलावे.

विद्यापीठे या प्रमुखांचा परिचय छापतात तेव्हा शिक्षण आणि अनुभवाच्या ओळींनंतर कधीकधी आवडीनिवडींचीही एक ओळ असते. कोणाला डोंगर चढण्याची आवड, कोणाला कबड्डी, कोणाला बागकाम, कोणाला भजन. ही ओळ अनेकांना फालतू वाटते. बुजऱ्या मुलासाठी मात्र तेच दार असते. ‘मी गुणवत्तेत कमी आहे का?’ हे पहिल्या भेटीत विचारता येत नाही, पण ‘सर, आमच्या गावामागेही मोठा डोंगर आहे’ हे म्हणता येते. तेथून बोलणे सुरू होते.

आपल्या मुलांच्या आवडी मोजायच्या कशा?

‘तुझा छंद काय?’ असे विचारले की आपली मुले गप्प होतात. छंद म्हणजे काही विकतची वस्तू असावी, असे त्यांना वाटते. पण जी मुलगी आईच्या बचत गटाचा हिशेब लिहिते, तिला जमाखर्चाची सवय आहे. जो मुलगा आजारी शेजाऱ्याला ग्रामीण रुग्णालयात नेतो आणि माडिया किंवा पावरीतले दुखणे डॉक्टरांना मराठीत समजावतो, तो दोन भाषांमधला पूल आहे. आरोग्यसेवेला आणि सामाजिक संस्थांना अशा माणसाची गरज असते. ज्याला झाडाच्या सालीवरून झाड ओळखता येते, त्याला वनस्पतिशास्त्र, रोपवाटिका, वनोपज प्रक्रिया हे रस्ते मोकळे आहेत. गावदेवाच्या सणाला शंभर माणसांच्या जेवणाची व्यवस्था पाहणाऱ्याकडे नियोजनाची कला आहे. हे सारे माहितीपत्रकात लिहिण्याजोगे आहे. ते तसे मांडायला शिकवणे हे मार्गदर्शकाचे काम, आणि ते त्याच्यापर्यंत पोहोचवणे हे आपले.

वसतिगृहांनी काय करावे?

एक. पदवीच्या पहिल्याच वर्षी मुलांना कक्षात घेऊन जावे. शेवटच्या वर्षी गेल्यास फार थोडे हाती लागते. पहिल्या खेपेला एखादा कार्यकर्ता किंवा वसतिगृहातील दादा-ताई सोबत असावी.

दोन. कागद आधीच तयार ठेवावेत. राखीव जागेसाठी जमातीचे प्रमाणपत्र तर लागतेच, त्याची वैधताही लागते, आणि तिला वेळ लागतो. ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा घरातील पुरावा, मग तो शाळेचा असो वा महसुलाचा, तपासणीत मोलाचा ठरतो. सर्व कागदांवर नाव-आडनाव एकसारखे आहे ना, हे पाहावे. राज्य शासनाच्या सेवेत अनुसूचित जमातींना ७ टक्के आणि केंद्राच्या खुल्या स्पर्धेतील भरतीत ७.५ टक्के आरक्षण आहे. कागदाअभावी ही संधी हुकली तर त्याची हळहळ जन्मभर राहते.

तीन. एकाच भरतीवर सारी वर्षे लावू नयेत. भरतीची तयारी चालू ठेवून दुसरी एक वाट, मग ती आयटीआयची असो, शुश्रूषेची, बँकेची वा स्वतःच्या धंद्याची, मार्गदर्शकासोबत आखून ठेवावी.

चार. महाविद्यालयात कक्ष नावापुरता असेल तर जिल्ह्याचे कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र गाठावे. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी केंद्र शासनाची स्वतंत्र मार्गदर्शन केंद्रेही आहेत.

पाच. नोकरीला लागलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक रविवार वसतिगृहात द्यावा. पहिला पगार कसा खर्च केला, शहरात खोली कशी मिळवली, साहेबांशी पहिल्यांदा कसे बोललो, हे त्यांच्याइतके खरे दुसरे कोणी सांगू शकत नाही.

वाचकांपैकी अनेक जण बँका, शाळा, कारखाने आणि कार्यालयांतून निवृत्त झालेले आहेत. आपल्या हातीही असाच अनुभव आहे. जवळच्या वसतिगृहात महिन्यातून एक संध्याकाळ बसून मुलांचे अर्ज तपासून दिलेत आणि मुलाखतीचा सराव घेतलात, तर देणगीइतकेच मोठे काम होईल. येत्या जूनमध्ये नवे वर्ष सुरू होण्यापूर्वी आपल्या भागातील वसतिगृह प्रमुखांना एकदा अवश्य भेटा.