चाकांची खुर्ची आणि दाराची पायरी

पांगळ्या मनुष्यास पाहून आपल्या मनांत प्रथम दया उत्पन्न होते. ही गोष्ट वाईट नाहीं. परंतु दयेपाशींच जो थांबला तो त्या पांगळ्याच्या फारसा उपयोगीं पडत नाहीं. ज्याचे पाय चालत नाहींत त्यास करुणेपेक्षां दोन गोष्टी अधिक हव्या असतात: एक, बसून फिरतां येईल अशी चाकांची खुर्ची, आणि दुसरी, त्या खुर्चीस आंत जाऊं देणारें दार. पहिली पैशानें मिळते. दुसरीसाठीं मात्र कोणास तरी तोंड उघडावें लागतें. ज्यांनीं तें उघडलें त्यांच्याविषयीं प्रस्तुत लेखांत थोडें सांगावयाचें आहे.

प्रथम हें पांगळेपण येतें कसें तें पाहूं. भंडारा रोड स्थानक आपल्या वरठीसच आहे. तेव्हां आगगाडीचाच दाखला घेऊं. रूळ शाबूत, गाडी शाबूत, परंतु मधली तार तुटली तर स्थानकाची आज्ञा पुढें पोहोंचत नाहीं व गाडी जागच्या जागीं उभी राहते. पाठीच्या कण्यांतून जाणारा मज्जारज्जु ही अशीच तार होय. मेंदूची आज्ञा तिच्यावाटे पायांस जाते व पायांची खबर मेंदूकडे येते. गोळी लागून, उंचावरून पडून किंवा रोगानें ही तार कंबरेच्या सुमारास निकामी झाली म्हणजे खालचा भाग हलत नाहीं, व पुष्कळदां त्यास स्पर्शहि कळत नाहीं. वेदना न कळल्यामुळें एकाच जागीं दाब पडत राहतो आणि कातडीस शय्याव्रण होतात. यासाठीं खुर्चीवर बसणारा जाणता मनुष्य थोड्याथोड्या वेळानें हातांवर भार देऊन अंग उचलून धरतो. बुद्धि, वाणी व हातांचें बळ हीं मात्र पूर्वीप्रमाणेंच राहतात. हेंच लोक विसरतात.

पूर्वीं डॉक्टरहि हें विसरत. असे रोगी फार दिवस जगावयाचे नाहींत, असाच समज होता. १९४४ सालीं इंग्लंडांतील स्टोक मँडव्हिल येथें डॉ. लुडविग गुटमन यांनीं जखमी सैनिकांची व्यवस्था हातीं घेतली. त्यांनीं रोग्यांस वेळच्या वेळीं कुशीवर वळविण्याची शिस्त लावली, त्यांस कामास व खेळास लाविलें, आणि २९ जुलै १९४८ रोजीं १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा भरविली. त्याच बीजापासून पुढें अपंगांचे जागतिक क्रीडासामने वाढले. १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें झालेल्या अशा सामन्यांत सांगली जिल्ह्यांतील श्री. मुरलीकांत पेटकर यांनीं ५० मीटर पोहण्याच्या शर्यतींत सुवर्णपदक मिळविलें. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून अपंग झालेला हा सैनिक, त्या सामन्यांत भारतास पहिलें सुवर्णपदक मिळवून देणारा ठरला. २०१८ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री दिली.

परंतु स्वतः जिंकणें ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी कोल्हापूरच्या श्रीमती नसीमा हुरजूक यांच्या चरित्रांत दिसते. त्यांचा जन्म १९५० सालचा. ऐन हसण्याखेळण्याच्या वयांत, सतराव्या वर्षाच्या सुमारास, त्यांचें कंबरेखालील अंग लुळें पडलें व त्या निराशेनें ग्रासल्या. अशा वेळीं त्यांची गांठ बंगळूरच्या बाबूकाका दिवाण या गृहस्थांशीं पडली. ते स्वतः चाकांच्या खुर्चीवर बसत व तरीहि आपला व्यवसाय चालवीत. शंभर धडधाकट लोकांचा उपदेश जें करूं शकत नाहीं तें एका खुर्चीवरच्या मनुष्याच्या उदाहरणानें केलें. नसीमाबाईंनीं शिक्षण पुरें केलें व सरकारी अबकारी खात्यांत नोकरी धरली.

येथें त्या सुखानें थांबल्या असत्या तर कोणीहि नांव ठेविलें नसतें. पण आपल्यास मिळाला तसा हात इतरांस मिळावा, या तळमळीनें त्यांनीं १९८४ सालीं सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली. कोल्हापुरांत अपंग मुलांसाठीं ‘घरौंदा’ हें वसतिगृह उभें राहिलें. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत ‘स्वप्ननगरी’ येथें काजू प्रक्रियेचा उद्योग सुरू होऊन अपंगांस स्वकष्टाची भाकरी मिळूं लागली. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मचरित्रांत त्यांनीं ही हकीकत सांगितली आहे.

अशा माणसांनीं वर्षानुवर्षें केलेल्या मागणीमुळेंच कायदा झाला. २०१६ सालच्या दिव्यांग हक्क अधिनियमांत अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. ज्याचें अपंगत्व ४० टक्के वा अधिक आहे अशा बालकास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा व सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखून ठेवावयाच्या आहेत. पालकांनीं हें नीट ध्यानांत ठेवावें. घरीं असें मूल असेल तर तें दृष्टीआड ठेवूं नये. प्रमाणपत्रासाठीं जिल्हा रुग्णालयांत न्यावें व शाळेंत घालावें.

तथापि कायद्याचें पुस्तक पायरी सपाट करीत नाहीं. खुर्ची चढावयास उतरता रस्ता, म्हणजे रॅम्प, लागतो. व त्याचें साधें गणित असें कीं एक फूट उंचीस बारा फूट लांबी हवी. दोन पायऱ्यांवर नुसती फळी टाकली तर चढ इतका उभा होतो कीं खुर्ची मागें उलटते. दार सुमारें तीन फूट रुंद हवें, आणि शौचकूपांत खुर्ची वळावयास जागा हवी. ही शेवटची गोष्ट नसल्यामुळें कित्येक मुली शाळा सोडतात, पण लाजेनें कारण सांगत नाहींत.

कफर्णहूम येथील पक्षघाती मनुष्याची गोष्ट आपण शाळेंत ऐकली आहे. चौघांनीं त्यास बाजेवर आणिलें, पण दाराशीं दाटी होती. ते परत फिरले नाहींत, कीं रोग्यास ‘तूं घरींच बैस’ असेंहि म्हणाले नाहींत. त्यांनीं छप्पर उसकटून त्यास आंत सोडलें. चमत्काराची गोष्ट आपण नेहमीं सांगतों. त्या चौघांनीं वाटेसाठीं परक्या घराचें छप्पर काढलें, ही गोष्ट मात्र क्वचितच.

विद्यार्थी मित्रांनो, छप्पर काढावयाचें काम तुम्हांस कोणी सांगत नाहीं. एक मोजपट्टी घ्या. आपलें घर, दुकान, वाचनालय व देऊळ-चर्च यांच्या पायऱ्या मोजा, त्यांस बारांनीं गुणा, आणि किती फुटांचा रॅम्प लागेल तें वडील मंडळींस सांगा. मात्र एक लक्षांत ठेवा. खुर्चीवरचा शेजारी असेल तर आधीं त्यास विचारा. त्याचें दार कोठें अडतें हें त्याच्याहून अधिक कोणास ठाऊक असणार?