बिस्किटांखालचा निळा पट्टा
बिस्किटांच्या कारखान्यात माल वाहून नेणारे पट्टे अनेकदा पॉलियुरेथेनचे असतात. जर्मनीत ऑटो बायर व सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये हे रसायन शोधले. त्याचे दाणे आधी सुकवून, मग वितळवून साच्यातून दाबून पट्टा काढला जातो. दातेरी पट्ट्यात ताण सोसण्यासाठी पोलादी तारा घालतात. गोल पट्ट्याची टोके उष्णतेने जागेवरच जोडता येतात. यंत्र खोलावे लागत नाही. तेल आणि घर्षणाला हा पट्टा सहसा दाद देत नाही. मात्र गरम पाणी व वाफेमुळे त्याचे काही प्रकार कमकुवत होऊन तुटू लागतात. अन्नात क्वचितच आढळणारा निळा रंग त्याला देतात तो यासाठीच : तुकडा पडलाच, तर चटकन दिसावा. म्हणून पट्टा निवडताना किमतीइतकाच तो धुण्याच्या पद्धतीचाही विचार आवश्यक ठरतो.