पाठीवरचे ओझे कोरडे राखताना

आपल्या शाळेची पावसाळी पदभ्रमंती अनेक माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेल. त्यांपैकी काही जण आता स्वतःच्या मुलांना घेऊन सह्याद्रीत जातात आणि भेटीत हमखास एक प्रश्न विचारतात, “सर, सॅकमधले सामान कोरडे कसे ठेवायचे?” प्रश्न किरकोळ वाटतो. आम्हीही पूर्वी तो किरकोळच मानीत होतो. एका रात्रीने आमचा हा समज पुसून टाकला. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे उत्तर सविस्तर लिहून ठेवीत आहोत.

काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आम्ही आठवी-नववीच्या मुलांना घेऊन वैशाखरे गावाच्या बाजूने नाणेघाट चढलो. कोकण आणि जुन्नर यांना जोडणारा हा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग आणि त्याच्या माथ्यावरील लेण्यातला नागनिकेचा ब्राह्मी लेख विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवावा, हा हेतू. चढणीचे अडीच-तीन तास पाऊस क्षणभरही थांबला नाही. मुक्काम पठारावरील एका गावातील शाळेच्या पडवीत होता. तेथे पिशव्या उघडल्या तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांचे अंथरूण-पांघरूण आणि कपडे भिजलेले निघाले. एक विद्यार्थी मात्र काहीच न बोलता कोपऱ्यात बसला होता. आईने जुन्या लुगड्यांची शिवून दिलेली गोधडी त्याने सॅकच्या वर बांधून आणली होती. ती पाण्याने इतकी जड झाली होती की त्याला एकट्याला उचलवेना. थोड्या वेळाने त्याचे दात वाजू लागले, बोलणे अडखळू लागले आणि सदऱ्याची बटणेही त्याला काढता येईनात.

शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली जाऊ लागल्याची ही लक्षणे होत. अशी अवस्था केवळ हिमालयातच होते, असे नाही. पाण्यातून उष्णता हवेपेक्षा वीस पटींहून अधिक वेगाने वाहून जाते. त्यात वारा आणि थकवा यांची भर पडली की सह्याद्रीच्या पठारावरही जुलैची रात्र धोक्याची ठरते. आम्ही त्याचे ओले कपडे उतरविले, कोरडे कपडे चढविले, दोन घोंगड्यांत गुंडाळून गरम गोड चहा पाजला. तासाभराने तो सावरला. ते कोरडे कपडे आले कोठून? एका शेतकरी कुटुंबातील मुलीच्या पिशवीतून. तिच्या वडिलांनी युरियाच्या गोणीतील आतली जाड प्लॅस्टिकची पिशवी स्वच्छ धुऊन, वाळवून, तिच्यात सारे सामान भरून दिले होते. ज्यांच्या सॅकवर बाजारातून आणलेली महाग रंगीत आवरणे होती, त्यांचे सामान ओले. आणि खताच्या पिशवीतले मात्र खडखडीत कोरडे! असे का झाले, याचा विचार आम्ही परतल्यावर केला.

सॅकचे कापड नायलॉनचे किंवा पॉलिस्टरचे असते आणि त्याच्या आतल्या बाजूस पाणीरोधक लेप असतो. हा लेप वापराने झिजतो व काही वर्षांनी पापुद्र्यांसारखा सुटतो. लेप नवा असला तरी शिवणीला सुईची असंख्य छिद्रे असतात आणि चेनच्या दातांमधून पाणी झिरपते. वरून घालायचे आवरण सॅकची बाहेरची बाजू झाकते. पाठीला टेकणारी बाजू मात्र उघडीच राहते. मानेवरून आणि खांद्यांच्या पट्ट्यांवरून ओघळणारे पाणी नेमके तेथूनच आत शिरते. शिवाय वाऱ्याने आवरण फुगते, कारवीच्या झुडपांत अडकते आणि त्याच्या तळाशी साचलेल्या पाण्यात सॅकचे बूड भिजत राहते. आवरण निरुपयोगी नाही. सॅक पाणी पिऊन जड होणे त्याने बरेच टळते. परंतु सारा भरवसा त्याच्यावर ठेवणे चूक. मुख्य संरक्षण आतून हवे.

त्यासाठी सॅकपेक्षा हातभर उंच अशी जाड, बिनजोड प्लॅस्टिकची एकच मोठी पिशवी प्रथम सॅकमध्ये उभी करावी आणि सारे सामान तिच्यात भरावे. भरून झाल्यावर गुडघ्याने हलके दाबून आतली हवा काढावी, तोंड एकत्र करून चांगले पिळावे, पीळ दुमडून त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली चकती दोन वेढ्यांनी बसवावी. नुसती गाठ पुरत नाही. गाठीतून पाणी शिरते आणि ओल्या, गारठलेल्या बोटांनी ती सुटतही नाही. कीटकनाशकाची पिशवी मात्र कितीही धुतली तरी कदापि वापरू नये.

दुसरा थर छोट्या पिशव्यांचा. रात्रीचे कपडे एका पिशवीत, अंथरूण दुसरीत, शिधा तिसरीत. औषधे, काडेपेटी, कागदपत्रे व मोबाइल दाबून बंद होणाऱ्या पाकिटांत. मोठी पिशवी एखाद्या ठिकाणी फाटली तरी सारेच भिजत नाही. तोंड गुंडाळून कडी लावण्याच्या तयार पिशव्या मिळतात, त्या उत्तम. परंतु त्यांचे तोंड किमान तीनदा गुंडाळले तरच त्यांचा उपयोग.

तिसरी गोष्ट लोक सर्वाधिक विसरतात. जी पिशवी पाणी आत येऊ देत नाही, ती आत गेलेले पाणी बाहेरही जाऊ देत नाही. ओला टॉवेल किंवा घामाने भिजलेला सदरा कोरड्या कपड्यांसोबत ठेवला, तर सकाळपर्यंत सारेच दमट होते. म्हणून ओल्या वस्तूंची पिशवी वेगळी आणि ती मोठ्या पिशवीच्या बाहेर. जुन्नर परिसरातील लेणी पाहताना आम्ही विद्यार्थ्यांना भिक्षूंच्या निवासाच्या खोल्या आणि पाण्याची टाकी, शिलालेखांतील ‘पोढी’, वेगवेगळी दाखवतो. माणसाची जागा वेगळी, पाण्याची जागा वेगळी; सॅक भरतानाही हाच विवेक ठेवावा.

चौथी गोष्ट, वाटेत मोठी पिशवी उघडण्याची वेळच येऊ देऊ नये. रेनकोट, पाण्याची बाटली, चणे-गूळ, विजेरी हे बाहेरच्या कप्प्यांत असावे. उघडणे भागच पडले, तर छपराखाली, हात पुसून.

पाचवी गोष्ट शिस्तीची आहे आणि मुलांना ती जाचते. रात्रीचे कोरडे कपडे केवळ रात्रीसाठीच. सकाळी पुन्हा कालचे ओले कपडेच चढवून चालू लागायचे. पहिली पाच मिनिटे नकोशी वाटतात, मग चालण्याने अंग तापते. जो सकाळी कोरडे कपडे घालून निघतो, त्याच्याकडे संध्याकाळी दोन्ही जोड ओले असतात. कपड्यांत सुती कापड टाळावे. ते पाणी धरून ठेवते आणि वाळत नाही. लोकर ओली झाली तरी काही ऊब देते. इरले आणि घोंगडी वापरणाऱ्या आपल्या वाडवडिलांना हे पुस्तकाविना ठाऊक होते.

आता आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी वसतिगृहात परीक्षा घेतो. प्रत्येक पिशवीत वर्तमानपत्राचा कागद घालून, थोडी हवा ठेवून, तोंड बांधून ती बादलीतील पाण्यात पाच मिनिटे दाबून धरायची. बुडबुडे आले की छिद्र सापडले. तेथे चिकटपट्टी लावायची किंवा पिशवी बदलायची. परत आल्यावर पिशव्या उलट्या करून वाळवायच्या. डोंगरावर एकही टाकून यायची नाही.

एक इशारा आवश्यक आहे. सामान कोरडे आहे म्हणून पूर आलेला ओढा ओलांडण्याचे धाडस कोणी करू नये. पावसाळ्यात भिक्षूंच्या भटकंतीने कोवळे गवत आणि सूक्ष्म जीव तुडविले जातात, अशी लोकांची तक्रार आल्यावर भगवान बुद्धांनी तीन महिन्यांच्या वर्षावासाचा नियम केला, हे विनयपिटकात नमूद आहे. थांबणे हाही शहाणपणाचाच भाग आहे.

त्या रात्रीनंतर शाळेने प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एकसारख्या जाड पिशव्या घेतल्या. किंमत अल्प, परंतु पालकांच्या ऐपतीवर कोणाचे पांघरूण कोरडे राहील हे आता ठरत नाही. तो विद्यार्थी पुढच्या वर्षी पुन्हा आला. गोधडी तीच होती. यावेळी ती सॅकच्या आत, दोन पिशव्यांत होती. मुक्कामी पोहोचल्यावर त्याने सर्वांत आधी तीच उघडली, हात फिरवून पाहिला आणि शेजारच्या मुलाला म्हणाला, “ये, दोघांना पुरेल.”