अंबरनाथचे शिखर आणि संगणकाची आज्ञावली

उल्हासनगरातील जीन्स शिवण्याच्या कारखान्यांत कापणारा कारागीर पुठ्ठ्याचा नमुना कापडाच्या थप्पीवर ठेवतो, त्याच्या कडेने खडू फिरवतो आणि एका दमात कितीतरी सारखे तुकडे कापून काढतो. तेथून आगगाडीने एक स्थानक पुढे गेले की अंबरनाथ लागते. तेथील शिवालय शके ९८२ मधील, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमाराचे असून ते शिलाहार राजा माम्वाणी याच्या कारकीर्दीशी निगडित आहे. त्याचे शिखर भूमिज पद्धतीचे. चार दिशांना खालून वर चढत जाणारे चार उभे पट्टे, आणि त्यांच्या मधल्या जागेत वर जाता जाता लहान होणाऱ्या शिखरिकांच्या ओळी, असा या पद्धतीचा बांधा असतो. सिन्नरच्या गोंदेश्वरात तोच आहे, माळव्यातील उदयपूरच्या उदयेश्वरातही तोच. परंतु यांतील एकही देऊळ दुसऱ्याची नक्कल नव्हे. गोंदेश्वर उंच जोत्यावर चार उपदेवळांच्या मधोमध उभा आहे, तर अंबरनाथला दर्शनासाठी पायऱ्या उतरून जमिनीच्या पातळीखालील गाभाऱ्यात जावे लागते.

कारखान्यातील पुठ्ठा आणि स्थपतीच्या मनातील हा बांधा, दोहोंनाही इंग्रजीत ‘पॅटर्न’ हाच शब्द चालतो. संगणकाच्या आज्ञावली रचण्यास शिकणाऱ्यांचा पुष्कळसा घोटाळा येथूनच सुरू होतो. ते दुसऱ्याला पहिला समजतात.

वस्तुप्रधान, म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड, पद्धतीत आज्ञावली ही परस्परांशी बोलणाऱ्या वस्तूंची वसाहत मानली जाते. प्रत्येक वस्तूजवळ आपली माहिती असते आणि त्या माहितीवर करावयाचे काम तिचे तीच जाणते. अशा वसाहती पुष्कळ झाल्यावर त्याच त्या अडचणी पुन्हा पुन्हा दिसू लागल्या. १९९४ साली गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसाइड्स या चौघांनी एका ग्रंथात असे २३ रचनाबंध नावानिशी नोंदवले. कल्पना मात्र मूळची वास्तुशास्त्राची. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदाने १९७७ च्या ग्रंथात घर, गल्ली व गाव यांचे २५३ बंध सांगितले होते. विशेष हे की, त्याच्या १९६४ च्या आधीच्या पुस्तकात विस्ताराने सोडवून दाखवलेले उदाहरण सहाशे वस्तीच्या एका भारतीय खेड्याचे आहे. त्याच्या मांडणीत बंध म्हणजे आकृती नव्हे. विशिष्ट परिस्थितीत उद्भवणारी अडचण आणि तिच्यावरील तोडगा यांची ती जोडी होय.

याचा अर्थ बदलापूरच्या तिकीटखिडकीवर चांगला कळतो. समजा, एका विद्यार्थ्याने भाडे मोजणारी आज्ञावली लिहिली. प्रथम केवळ एकेरी तिकीट होते. गुणाकार केला, काम झाले. मग परतीचे तिकीट आले, मासिक पास आला, त्रैमासिक आला, पहिला वर्ग आला. दर वेळी त्याने ‘जर असे असेल तर’ ही एक नवी ओळ जुन्या ओळींत घुसडली. पुढे वातानुकूलित गाडीचे निराळे दर आले, त्यांची ओळ चुकीच्या जागी पडली, आणि जुन्या पासाचेच भाडे वाढून निघू लागले. पासवाल्याचा यात काडीचाही दोष नव्हता! आता या अडचणीला तोंड फुटले आहे: वारंवार बदलणारी गोष्ट न बदलणाऱ्या गोष्टीत मिसळली आहे. भाडे मोजण्याची प्रत्येक रीत निराळी वस्तू करावी, आणि खिडकीने कोणती रीत हे न विचारता तिला फक्त ‘मोज’ म्हणावे, हा त्यावरील तोडगा. ग्रंथात त्याचे नाव ‘स्ट्रॅटेजी’ असे आहे. नवा दर आला की नवी वस्तू येते. जुन्या पासाला कोणी हात लावत नाही.

गाडी उशिरा असली की फलाटावरील पाटी, ध्वनिक्षेपक आणि प्रवाशाच्या हातातील फोन या तिघांना कळवावे लागते. येथे गाडीच्या वस्तूने तिघांची नावेगावे पाठ करू नयेत. ज्याला बातमी हवी त्याने आपले नाव तिच्याकडे नोंदवावे. हा ‘ऑब्झर्व्हर’.

उलट, ज्या आज्ञावलीत एकेरी तिकिटाखेरीज काहीच नाही आणि येण्याची चिन्हेही नाहीत, तेथे पाच वस्तूंचा डोलारा उभारणे म्हणजे एका खोलीच्या घराला सभामंडप जोडणे होय. नवशिक्याच्या हातून हे हमखास घडते. पुस्तक नुकतेच वाचलेले असते, आणि २३ पैकी निदान १० तरी वापरल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. म्हणून आधी साधे लिहावे, तीच दुरुस्ती दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा करावी लागली की थांबावे, आणि मगच बंध शोधावा, हा क्रम हिताचा. जोशुआ केरिएव्हस्की यांच्या २००४ च्या पुस्तकात तर बंधाकडे हळूहळू कसे जावे याबरोबरच, तो निरुपयोगी ठरल्यास त्यातून बाहेर कसे पडावे याचाही विचार आहे.

बंधांचे आयुष्यही भाषेवर अवलंबून असते. पीटर नॉर्विग यांनी १९९६ साली दाखवून दिले की, लिस्पसारख्या लवचीक भाषांत त्या २३ पैकी १६ बंध एकतर फार सोपे होतात किंवा दिसेनासेच होतात. जावा भाषेने तर ‘ऑब्झर्व्हर’ आपल्या भांडारात तयारच ठेवला होता. २०१७ च्या नवव्या आवृत्तीत तिनेच तो यापुढे वापरू नये अशी सूचना लावली. बदलापूरच्या फलाटावरची पाटी, ध्वनिक्षेपक आणि फोन यांना बातमी कळवण्याची गरज मात्र त्यानंतरही होती तशीच राहिली.